न काढलेली पट्टी

चौसाळ्याच्या माझ्या दवाखान्यात येणाऱ्या लोकांचा ठाम समज होता की बबिता सिस्टरच्या हाताला गुण आहे. अकरा वर्षे मी हा समज खोडून काढत होतो. सुई दुखणे वा न दुखणे हे सुईची जाडी, टोचण्याचा कोन, औषध आत जाण्याचा वेग आणि स्नायू सैल आहे की ताठ यांवर अवलंबून असते, असे मी भेटेल त्याला समजावत असे. बबिता सुई देण्याआधी माणसाला घरचे विचारते. म्हैस व्याली का, पोरीचे कुठे जमले का. माणूस उत्तर जुळवत असतो, स्नायू सैल पडतो आणि तेवढ्यात सुई आत जाऊन बाहेर आलेली असते. यात गुण नाही, शरीरशास्त्र आहे. लोक ऐकून घेत, मान डोलावत आणि म्हणत, "खरं हाय डॉक्टर. पर सुई तिलाच द्यायला सांगा."

दवाखाना म्हणजे बाकांचा एक हॉल, त्याच्या एका अंगाला माझी खोली आणि दुसऱ्या अंगाला बबिताची. माझ्या खोलीला दार नाही, पडदा आहे. मी आत बोललेले हॉलमध्ये ऐकू जाते. याचा मला कधी त्रास वाटला नव्हता. उलट एकाला समजावले की तिसांना समजते, असा माझा हिशेब होता.

आणखी एक नियम माझाच होता. रुग्ण आधी बबिताकडे जाई. ती नाडी, रक्तदाब, ताप पाही, दोन प्रश्न विचारी आणि कार्डावर पेन्सिलने लिही. मग कार्ड माझ्याकडे येई आणि मी पेनने लिहीत असे. पेन्सिल म्हणजे निरीक्षण, पेन म्हणजे निर्णय. हे वाक्य मला इतके आवडत असे की नव्या औषध प्रतिनिधींनाही मी ते ऐकवत असे.

गेल्या एप्रिलमधला बाजाराचा दिवस. दुपारी एकपर्यंत एक्क्याण्णव कार्डे झाली होती. साखराबाई ब्याण्णवावी. मेंढपाळ बंकटची बायको, वय अंदाजे चोपन्न. गावाबाहेरच्या वस्तीवर त्यांची मेंढरे असत. गुडघ्यांसाठी ती वर्षातून चार-पाच वेळा येई. बबिताच्या खोलीतले बोलणे मला माझ्या खोलीत ऐकू येत होते.

"आक्का, आज कावून? गुडघा का?"

"न्हाई गं बाय. पाठीत उसण भरली. सकाळी घागर उचलली न् भरलीच बघ."

"घागर उचलल्यावर भरली, का आधीच दुखत होतं?"

"आता ते कोण ध्यानात ठिवतंय?"

नंतर मला कळले की बबिता त्या वेळी नाडी दुसऱ्यांदा मोजत होती.

ती पडदा सारून आत आली. कार्ड हातातच होते, तिने ते टेबलावर ठेवले नाही. "सर, साखराबाईंची एक पट्टी काढू का?"

ईसीजीला आम्ही दवाखान्यात पट्टी म्हणतो. यंत्रातून कागदाची लांब पट्टी निघते आणि तिच्यावर हृदयाचे ठोके रेषेने उमटतात. यंत्र बबिताच्याच खोलीत, स्टुलावर, फुलांच्या कापडाखाली झाकलेले असे. हॉलमधल्या लोकांना हा अर्थ ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मला ठाऊक होता, आणि नेमके म्हणूनच मला कोटी सुचली.

"उसण भरलीय म्हणतायत ना त्या?" मी म्हणालो. "मग सिस्टर, उसणीला पट्टी बांधतात. काढत नाहीत."

हॉलमध्ये हशा पिकला. रामहरी म्हणून एक जुना मधुमेही दर बाजाराला येऊन पुढच्याच बाकावर बसतो, तो ओरडला, "आदी बांदा तर खरी, मंग काढा!" पुन्हा हशा. साखराबाईही हसली. तिचे हसणे मला पडद्यापलीकडून वेगळे ऐकू आले.

बबिता हसली नाही. तिने कार्ड ठेवले आणि गेली.

साखराबाई आत आली. मी पाठीवर, दोन खवाट्यांच्या मध्ये दाबले. "इथे?" ती म्हणाली, "हां, तितंच." घागरी आणि कोकरे उचलण्यात आयुष्य गेलेल्या बाईच्या पाठीवर कुठेही दाबले तरी 'तितंच' हेच उत्तर मिळते, हे मला आज सुचते. तिला घाम आला होता. बाहेर एक्केचाळीस अंश तापमान होते. घाम मलाही आला होता. मी पेनने लिहिले: पाठीचा स्नायू आखडलेला. वेदनाशामक इंजेक्शन, गोळ्या पाच दिवस.

आयुष्यभर मी या लोकांचे शब्द नाकारत आलो होतो. नजर लागली, वारे गेले, बाहेरचे झाले: या शब्दांना मी कधी निदान मानले नाही. शाळाशाळांतून मी त्यावर व्याख्याने दिली आहेत. त्या दिवशी मात्र साखराबाईने उच्चारलेला 'उसण' हा शब्द मी जसाच्या तसा उचलून पेनने लिहिला. कारण तो मला सोयीचा होता आणि बाहेर अजून चाळीस माणसे होती.

"सुई तूच मार गं बाय," ती बबिताला म्हणाली. "तुज्या हाताला गुण हाय."

सुई झाल्यावर बबिताने तिला बाकावर बसवून ठेवले. "आक्का, घटकाभर बसा. गर्दी ओसरू द्या." ती वीस मिनिटे बसली. मग वस्तीकडे जाणारी रिक्षा भरली, आणि "मेंढरं वाट बगत्यात" म्हणून ती उठली.

चारच्या सुमारास, मेंढरांच्या जाळीच्या कुंपणाशी बसलेली असताना, ती एका कुशीवर कलंडली. अंधार पडण्याआधी अंत्यविधी झाला. शवविच्छेदन झाले नाही. मला हे दुसऱ्या दिवशी सकाळी रामहरीने सांगितले. तो रक्तातली साखर तपासायला आला होता, आणि बोट पुढे करता करता म्हणाला, "तुमची कालची उसणवाली गेली की, डॉक्टर."

माझी पहिली प्रतिक्रिया दुःखाची नव्हती. ती वेळेच्या गणिताची होती. सुई एकला. वीस मिनिटे डोळ्यांसमोर बसून होती: अंगावर पुरळ नाही, धाप नाही. मृत्यू चारला. म्हणजे औषधाची तीव्र प्रतिक्रिया नव्हे. हे गणित अचूक होते, आणि ते करताना मला हायसे वाटले. हायसे वाटल्याची लाज मात्र मागाहून, संथपणे आली.

गावाने वेगळे गणित केले. सुई दिली आणि बाई गेली. सुई कोणाच्या हातची? ज्या हाताला गुण असतो त्याच हाताला अवगुणही येऊ शकतो, हे त्या समजाच्या आतच दडलेले होते. आठवड्याच्या आत बायका बबिताच्या खोलीच्या उंबऱ्यावर अडू लागल्या. "सुई तुमी द्या ना डॉक्टर." मी दिल्या. त्यांना माझी सुई दुखली, तरीही त्या माझ्याकडेच आल्या.

मी प्रत्येकाला सांगत होतो, "सुईने मृत्यू झालेला नाही. हे शास्त्रीय सत्य आहे." या वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता. पण प्रश्न सुईचा नव्हता. सुई निर्दोष ठरली की चौकशी तिथेच थांबते, पट्टीपर्यंत येत नाही, हे मला ठाऊक होते. खरे वाक्य पडद्यासारखे वापरता येते, हे मी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकलो.

तिसऱ्या दिवशी दवाखाना रिकामा झाल्यावर मी साखराबाईचे कार्ड काढले होते. माझ्या पेनच्या अक्षरांखाली दबलेली पेन्सिलीची ओळ होती: नाडी १०४, मधूनच चुकते. घाम गार. ईसीजी? प्रश्नचिन्ह जोर देऊन काढलेले. टेबलावर खोडरबर होते. ते मी हातात घेतले आणि खाली ठेवले. हा सचोटीचा पुरावा समजू नये. पेन्सिल पुसताना वरचे पेनही पुसट झाले असते आणि कार्ड खराब दिसले असते. मी कार्ड परत कपाटात ठेवले. कार्डे आडनावाने नव्हे, पहिल्या नावाच्या अक्षराने लावलेली असतात. मी ते 'स'मध्ये ठेवले नाही.

दुसऱ्या आठवड्यात विठ्ठलराव आले. जमिनीने आणि आवाजाने, दोन्ही परींनी वजनदार माणूस. पंचक्रोशीतले तंटे त्यांच्या ओसरीवर मिटतात. ते रुग्णाच्या खुर्चीत बसत नाहीत, तपासणीच्या पलंगावर बसतात.

"डॉक्टर, बंकटच्या भावकीत तापलंय जरा. घाबरू नका, तुमचं नाव न्हाई. नाव त्या नर्सबाईचं हाय."

"तिची काही चूक नाही."

"मंग कुणाची हाय?"

त्यांनी हे सहज विचारले, पाय हलवत. एवढा सोपा प्रश्न मला त्याआधी कोणी विचारला नव्हता.

"कोणाचीच नाही," मी म्हणालो.

"झालं तर! मंग तिला दोन-चार महिने सुईपासून लांब ठिवा. गोळ्या वाटू द्या की खिडकीतून. लोकांचं ध्यान लई आखूड असतंय. तुमी दवाखाना टाकून बीडला गेलात तर आमाला कोण बघणार?"

मी सुई आणि मृत्यू यांच्यातल्या तीन तासांबद्दल बोलू लागलो. त्यांनी हात वर केला. "शास्त्र तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या, साहेब. लोकांला हात दिसतो."

दुसऱ्या दिवशी मी बबिताला सांगितले की काही दिवस तिने गोळ्यांच्या खिडकीत बसावे. कारण म्हणून मी 'परिस्थिती निवळेपर्यंत' असे काहीतरी म्हणालो.

"बरं सर," ती म्हणाली.

मी वाद अपेक्षिला होता. त्यासाठी दोन मुद्दे तयार ठेवले होते. ते तसेच राहिले. ती रोज नेकनूरहून सकाळच्या गाडीने येई, खिडकीत बसे, गोळ्यांच्या पाकिटांवर सकाळ-दुपार-संध्याकाळच्या खुणा करी आणि दुपारच्या गाडीने परत जाई. त्या पाच आठवड्यांत तिने स्वतःबद्दल एकच वाक्य उच्चारले, तेही पाकिटांकडे पाहत. "जावेनं लेकराची सुई बाहेरून देऊन आणली, सर. घरात मी असताना."

मी म्हणालो, "लोक अडाणी असतात."

तिने माझ्याकडे पाहिले आणि पुढचे पाकीट उचलले.

बंकट आला तो सहाव्या आठवड्यात, बाजाराच्याच दिवशी, हॉल भरलेला असताना. त्याने नंबर लावून घेतला आणि पाळी येईपर्यंत भिंतीला टेकून उभा राहिला. बाकांवरचे लोक त्याला जागा देत होते. तो बसला नाही. आत आल्यावर त्याने फेटा काढून मांडीवर ठेवला.

"डॉक्टर, मला दुखत-खुपत न्हाई काय. एक इचारायचं हाय. इचारू का?"

"विचारा."

"ती जायच्या आदी मेंढरांपाशी माज्याजवळ बसलती. हसत हुती. म्हणली, आज दवाखान्यात लई गंमत झाली. बबिताबाय म्हणली पट्टी काढू, न् डॉक्टर म्हणला आदी बांदावी लागती. समदे हसले म्हणं." त्याने मांडीवरचा फेटा सारखा केला. "तवापासून मी इचार करतुया. तिला तर कुटं लागलं न्हवतं. पट्टी बांदलीच न्हवती. मंग ती बाय काढणार काय हुती?"

पडद्याबाहेर हॉल गप्प झाला. माणसे किती ऐकतात हे ती गप्प झाल्यावरच कळते.

गोळ्यांची खिडकी माझ्या खोलीला लागून आहे. तिथून बबिताचा आवाज आला, शांत आणि कामाचा: "सर, पुढचं कार्ड पाठवू का?"

ती मला वाट काढून देत होती. माणसाच्या भलेपणाचा याहून स्पष्ट पुरावा मी क्वचितच पाहिला आहे. मी 'पाठवा' म्हणालो असतो, तर तिने पुढचा रुग्ण आत सोडला असता, बंकटला दोन शब्द बोलून बाहेर नेले असते आणि त्याचा प्रश्न त्याच्यापाशीच राहिला असता. माझ्या तोंडात 'प' तयार होता.

"नको," मी म्हणालो. "सिस्टर, इकडे या. बंकटमामांची पट्टी काढायची आहे."

आम्ही तिघे तिच्या खोलीत गेलो. पाच आठवड्यांत ती तिथे पहिल्यांदा येत होती. यंत्रावरचे कापड मी काढले. त्यावर धूळ होती. बंकट पलंगावर आडवा झाला, ताठ, मुठी आवळून. बबिता त्याच्या मनगटांना चिमटे लावत म्हणाली, "मामा, मेंढरं आता कुणाच्या रानात हायेत?"

"चौसाळ्याच्या खालच्या अंगाला. तिथं पाणी हाय अजून."

"कुत्रं जपतंय का?"

"जपतंय तर! काळं लई इमानी हाय," तो म्हणाला आणि त्याच्या मुठी सुटल्या. यंत्र घरघरले. कागद बाहेर येऊ लागला.

मी तो फाडून त्याच्या हातात दिला. "ही पट्टी. हिला पट्टी म्हणतात. काळीज नीट चाललंय का ते हिच्यावर दिसतं. तुमचं नीट आहे. त्या दिवशी सिस्टर साखराबाईंची ही पट्टी काढू म्हणत होत्या. मी काढू दिली नाही."

"कावून?"

या प्रश्नाला गर्दी, ऊन, उसण, घाम अशी चार उत्तरे होती आणि चारही खरी होती. "मला वाटलं, मला कळलंय," मी म्हणालो.

तो कागदाकडे पाहत होता. "हिच्यात काय दिसलं आसतं?"

"बहुधा झटका येतोय हे दिसलं असतं. लगेच गाडी करून बीडला पाठवलं असतं."

"वाचली आसती?"

"सांगता येत नाही. वेळेत पोचलेले पुष्कळ वाचतात."

त्याने कागद एकदा लांब धरला, एकदा जवळ. मग म्हणाला, "ही माजी हाय. तिची कुटंय?"

बबिताचे चिमटे पुसणे थांबले.

"म्हंजी सुईनं न्हाई," बंकट म्हणाला.

"नाही."

"हिच्या हातानं न्हाई."

"नाही."

"मंग हे बाहीर सांगा, डॉक्टर. हसले तवा समदे बाहीरच हुते."

मी हॉलमध्ये गेलो. तीसेक माणसे होती. मनात मी 'निदानात त्रुटी राहिली' असे वाक्य जुळवले होते. पुढच्या बाकावर रामहरी दिसला आणि ते वाक्य निरुपयोगी झाले.

"साखराबाई सुईने गेल्या नाहीत," मी म्हणालो. "बबिता सिस्टरना त्या दिवशी त्यांची नाडी चुकताना कळली होती. त्यांनी काळजाची तपासणी करू का म्हणून मला विचारलं. मी त्यांची टिंगल केली आणि तपासणी करू दिली नाही. चूक माझी आहे. नंतर दीड महिना मी गप्प बसलो, तीही माझीच."

कोणी उठून गेले नाही. रामहरीने टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. "मीबी हसलतो," तो म्हणाला. बंकट त्याच्या समोरून बाहेर गेला. कागद त्याने घडी न करता, गुंडाळी करून फेट्यात ठेवला होता.

एक म्हातारी उठली, बबिताच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेली आणि दंड उघडा करून उभी राहिली. बाकीच्या नेहमीप्रमाणे माझ्याचकडे आल्या. विश्वास परत येण्याचा वेग मला मोजता येत नाही. जाण्याचा मोजला आहे.

तीन वाजता विठ्ठलरावांचा फोन आला. मी तो घेतला नाही. हॉल झाडून झाल्यावर बबिता पिशवी खांद्याला लावून माझ्या टेबलापाशी आली आणि साखराबाईचे कार्ड समोर ठेवले.

"हे 'ह'मध्ये होतं," ती म्हणाली.

"कधी सापडलं तुम्हाला?"

"तुम्ही ठेवलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी."

म्हणजे जवळजवळ सहा आठवडे ते तिच्या हाती होते. तिच्या हस्ताक्षरातली ती एक ओळ बंकटच्या भावकीला, विठ्ठलरावांना, नेकनूरच्या जावेला, कोणालाही दाखवली असती तरी पुरले असते.

"कोणाला दाखवलं का नाही?"

"पेन्सिलीचं कोण वाचतंय, सर?"

हे तिने टोमणा म्हणून म्हटले नाही. टोमणा असता तर मला तो परतवता आला असता. ती पडद्यापर्यंत गेली आणि पाठमोरीच थांबली.

"तुम्ही नको म्हणालात, त्याचं एवढं न्हाई. नको तर तुम्ही कितींदा म्हणता. पण हसले सगळे, मग मलाच वाटलं, आपलंच चुकलं असंल. न्हाईतर तुम्हाला न विचारता काढली असती मी. मशीन माझ्याच खोलीत होतं. मलाबी तेच खातंय, सर."

"तुम्हाला तशी परवानगी नव्हती."

"व्हय, नव्हती," ती म्हणाली. मग तिची गाडी होती, ती गेली.

मी कार्ड 'स'मध्ये ठेवले. ठेवण्याआधी माझ्या ओळीखाली पेनने लिहिले: वरील निदान चुकीचे, सिस्टरची नोंद बरोबर, आणि त्या दिवसाची तारीख, सही. मग जुनी सवय म्हणून पुन्हा वेळेचे गणित केले. पूर्वी ते मी स्वतःला सोडवण्यासाठी केले होते, पण आकडे तेच आहेत. साखराबाई सुईनंतर बाकावर वीस मिनिटे बसून होती. पट्टी काढायला सहा मिनिटे लागतात.